मास्तराच्या टीव्हीतलं आभाळ

हा किस्सा मी स्वतः सांगतोय त्याचं कारण एवढंच, की बाजारात दुसऱ्या कोणाच्या तोंडून ऐकलात तर त्यात मी आहे त्याहून मोठा गाढव निघेन. तेव्हा चहा घ्या आणि ऐका. मधे बोलू नका. मला मधे बोललेलं चालत नाही.

माझं शिक्षण चौथी. तीही पुरी नाही. पण आमच्या वाडीच्या रापणीचा मी तांडेल, आणि माझ्या आधी माझा बाप तांडेल. रापण म्हणजे काय ते घाटावरच्या लोकांसाठी सांगतो. होडी जाळं घेऊन समुद्रात जाते, अर्धा गोल मारून परत येते. जाळ्याचे दोन्ही दोर किनाऱ्यावर, आणि बाया-पुरुष मिळून चाळीस माणसं ते ओढतात. मिळेल त्या मासळीचे वाटे. यात तांडेलाने दोर ओढायचा नसतो. त्याने सकाळी ओल्या वाळूत उभं राहायचं, दर्या बघायचा, वारा बघायचा आणि म्हणायचं, "लोटा होडी." तो म्हणेपर्यंत होडीला कोणी हात लावत नाही. तो नको म्हणाला की त्या दिवशी जाळं उलगडत नाही. मग समोर सोन्याचा मासा उडी मारत असला तरी.

आता खरी गोष्ट. दोन वर्षं मला दर्या दिसत नव्हता.

मोतीबिंदू. हातभर अंतरावरचं नीट दिसे, त्यापलीकडे सगळी पेजेची निवळ. पाणी कुठे संपतं आणि आभाळ कुठे सुरू होतं ते कळायचं नाही. मी कोणाला सांगितलं नाही. का सांगीन? दर्या न दिसणाऱ्याला तांडेल म्हणून कोण ठेवेल? दुसऱ्या दिवशी मला घरी बसवला असता, सुपारी कातरायला. आणि मी दिवसभर घरात असलो तर घरातली बाकीची माणसं बाहेर राहायला जातील, एवढं मला माझ्याबद्दल माहीत आहे.

मग मी गालावरच्या वाऱ्यावर आणि लाटेच्या आवाजावर भागवलं. सवयीने उभा राहायचो, सवयीने बोलायचो, आणि होडी जायची. एकदाही चुकलो नाही. मनात म्हणायचो, तांडेलकी डोळ्यात नसते, रक्तात असते.

एकच त्रास होता. माझ्या मागे शेवंता उभी असायची. माझ्या धाकट्या भावाची बायको. भाऊ गेल्यापासून दोरावर त्याची जागा ती घेते. बाई कामाची, पण खोकला जुना. मी "लोटा होडी" म्हटलं की मागून हिचा खोकला आलाच. जवळजवळ रोज. शेवटी मी स्वतः अडुळशाचा काढा करून तिला नेऊन दिला. एकदा नाही, दर महिन्याला. तरी खोकायची.

हे लक्षात ठेवा. आता बस्त्याव मास्तराकडे चला.

बस्त्याव मास्तर आणि मी एका वर्गात होतो. तो पुढे गेला, मी दर्यात गेलो. चाळीस वर्षं त्याने पोरांना गणित शिकवलं, आता एकटाच असतो. बायको वारली, मुलगी फ्लाविया परदेशात. तिनेच त्याला तो खेळ पाठवला. भिंतीएवढा टीव्ही, त्याच्यापुढे टेबल, टेबलावर एक दांडी, आणि मास्तर ती दांडी धरून विमान चालवतो. घरात. लुंगीवर. कानाला ते काळं लावून. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला वाटलं, याला कणकवलीला डॉक्टरकडे न्यायला पाहिजे.

एक दिवस मला हाक मारून बसवलं.

"बाबल, हो बघ पाऊस. खरो."

"टीव्हीत?"

"खऱ्या आभाळात जितके ढग, तितकेच हंय. आदी काय होता, ह्या खेळात सगळीकडे एकसारखे ढग. कापसाचे. मालवणात तेच आणि मुंबयत पण तेच. म्हणान हवामान वेगळा घेवचा लागता आणि वरसून बसवचा लागता. फ्लावियान पाठवल्यान."

"आभाळ वेगळा इकत मिळता?"

"व्हय. जगात विमानतळ आसत, थंयसून सारखी खबर येता. वारो खंयसून, मळब किती, पाऊस आसा काय नाय. त्या खबरेवरसून ह्यां आभाळ तयार करता."

"म्हणजे भायर पाऊस आसलो तर हंय पाऊस."

"व्हय."

"आणि भायर ऊन आसला तर हंय ऊन."

"व्हय तर."

मी उठलो, त्याच्या खिडकीची दोन्ही दारं उघडली आणि म्हटलं, "हां बघ. फुकट आसा."

तीन दिवस तो माझ्याशी बोलला नाही. चौथ्या दिवशी मीच गेलो. त्याच्याकडे कॉफी चांगली मिळते.

त्या दिवशी त्याने मला विमानात बसवून, म्हणजे खुर्चीतच, मालवणावरून फिरवलं. चिपीच्या विमानतळावरून उडाला आणि किनाऱ्याने वर आला. मी टीव्हीला नाक लावून बघत होतो आणि चुका काढत होतो. किल्ला म्हणजे पाण्यात पडलेलं बिस्कीट. माड नको तिथे. माझं घर तर नव्हतंच. सातबारा माझ्या नावावर आहे, आणि तिथे झुडूप. मास्तराला म्हटलं, तुझ्या या कंपनीला पत्र लिही. तो म्हणाला, बाबल, गप बस, आता दर्यावर जातंय.

आणि विमान दर्यावर गेलं.

आता काय सांगू. नाकापासून चार बोटांवर ती काच, आणि काचेत दर्या. लांबपर्यंत. दर्या आणि आभाळ जिथे शिवलेलं असतं ती शिवण मला दोन वर्षांनी दिसली. आणि त्या शिवणीवर, बाहेर लांब, काळ्या ढगांची एक भिंत उभी होती.

"किती लांब रे हे?"

"वीस-पंचवीस मैल. तुका कित्याक?"

"सहज."

कॉफी गरम होती म्हणून माझ्या डोळ्यांत पाणी आलं. दुसरं काही नाही.

दुपारी पाऊस आला. त्याच बाजूने आला.

त्या दिवसापासून मी किनाऱ्यावर जाण्याआधी मास्तराकडे जाऊ लागलो. सहाला त्याची प्रार्थना आटोपायची, मग तो विमान काढायचा, मी काचेला नाक लावायचो. दर्याची शिवण बघायची, ढग बघायचे, वारा विचारायचा. मग किनाऱ्यावर जाऊन ओल्या वाळूत गंभीर तोंड करून उभं राहायचं. मूठभर वाळू उचलून सोडायची. ती सोडायची काही गरज नव्हती, पण लोकांना बरं वाटतं.

एकदा सकाळ काचेसारखी स्वच्छ होती. मी म्हटलं, "लोटा होडी, पण नवाच्या आत वढून मोकळे जावा." साडेनवाला वारा असा फिरला की शेजारच्यांचं जाळं वळून दोरी झालं. आमचं सुकत पडलेलं.

होडीच्या सुकाणूवर असतो तो गजो. चाळिशीचा गडी, हात चांगला, तोंड वाईट. तो मला येऊन विचारतो, "आबा, तुमका हां कोण सांगता?"

"दर्यो सांगता."

"आदी सांगी नाय होतो?"

"आदी तू आयकी नाय होतस."

तीन आठवडे असं चाललं. वाडीतल्या बाया मासळी सुकत घालण्याआधी मला विचारू लागल्या. मसुऱ्याहून एकाने फोन करून विचारलं, भात झोडायला काढू का. मी त्याला चार दिवसांचं सांगून टाकलं. मास्तराला यातलं काही माहीत नव्हतं. त्याला वाटायचं मला विमानाची आवड लागली. आणि याच दिवसांत, बघा, शेवंताचा खोकला थांबला. पूर्ण थांबला. मी म्हटलं, अडुळसा लागू पडला. उशीर लागला, पण पडला.

आता तो दिवस.

त्या सकाळी मास्तराच्या दाराला कडी नव्हती, आणि मास्तर घरात नव्हता. रविवार. देवळात गेला असणार, त्याच्या. टीव्ही चालू होता. मी नेहमीसारखा गेलो आणि काचेला नाक लावलं.

काळोख.

सकाळचे साडेसहा वाजलेले, आणि काचेत नुसता काळोख. त्या काळोखातून पाण्याच्या रेघा तिरप्या येत होत्या. लांब कुठेतरी चार-दोन दिवे, तेही पुसल्यासारखे. वाऱ्याचा आवाज असा, की दार वाजतंय. आणि थोड्या थोड्या वेळाने सगळा पाऊस लाल व्हायचा आणि विझायचा. लाल वीज. साठ वर्षं दर्या बघितला, लाल वीज कधी बघितली नव्हती.

तुम्ही म्हणाल, अरे, खिडकीतून बाहेर बघायचं. बघितलं ना. बाहेर उजेड होता. पण मी मनात जुळवलं, की मास्तर विमान लांब दर्यात सोडून गेलाय आणि वादळ तिथे पोचलंय. इथे यायला किती वेळ? दोन तास? तीन?

मी धावलो. या वयात, वाळूतून.

किनाऱ्यावर सगळे जमलेले. होडी ओंडक्यांवर तयार. गजो पुढे आला. त्याचा आवाज मऊ होता, म्हणजे काहीतरी मोठं होतं.

"आबा, समोर बघा. बांगडो. पाणी काळा झाला आसा. असो बांगडो ह्या साली इलो नाय."

"होडी वर घेवा."

"काय?"

"वर. रस्त्यापर्यंत. जाळां पण उचला. वादळ येता."

"खंयसून? आभाळ भांड्यासारख्या लखलखता!"

"गजा, तू सुकाणू धर. आभाळ माजा काम."

कोणी हललं नाही. मला चेहरे दिसत नव्हते, पण चाळीस माणसं गप्प झाली की ते ऐकू येतं. मग शेवंताचा आवाज आला, अगदी जवळून.

"भावजी. नक्की काय?"

"बापाशीची आण."

तिने पदर कमरेला खोचला. मग म्हणाली, "भावजी म्हणतत तर घेया वर." आणि तिनेच पहिला खांदा होडीला लावला.

पुढचं सगळं तासाभरात झालं. होडी रस्त्यावर आली. जाळी टेम्पोत भरली. बायांनी सुकत घातलेली मासळी गोळा करून घरात नेली आणि घरातली माणसं वासाने बाहेर आली. किनाऱ्यावरच्या भजीवाल्याने छपराचं प्लास्टिक काढून घडी घातलं. एका घरी दुसऱ्या दिवशी लग्न होतं, त्यांनी मांडव उतरवला. मसुऱ्याला झोडणी थांबली, त्या माणसाने कणकवलीला जावयाला फोन केला, जावयाने दुकानाचं शटर ओढलं. असं ऐकलं की पार गोव्याच्या हद्दीजवळ इन्सुलीपर्यंत कोणीतरी ट्रकवर ताडपत्री बांधून बसला होता. तो माझ्यामुळेच बसला होता का ते मी विचारायला गेलो नाही.

आणि मी? मी जुना रेनकोट घातला, टोपी ओढली, आणि पडवीत खुर्ची टाकून वादळाची वाट बघत बसलो.

नऊ वाजले. ऊन. दहा वाजले. कडक ऊन. रेनकोटात मी उकडत होतो. रस्त्याने गजो तीन वेळा गेला. पहिल्यांदा नुसती शीळ घातली. दुसऱ्यांदा म्हणाला, "आबा, आतसून भिजलात काय?" तिसऱ्यांदा त्याने सांगितलं, की आमच्या समोरचा बांगडा खालच्या वाडीच्या अंगाला सरकला आणि त्यांच्या रापणीत शिरला. त्यांना ओढायला माणसं कमी पडतायत. आमचीच पोरं तिकडे दोर ओढायला गेली आहेत.

मी रेनकोटाचं वरचं बटण लावलं.

अकराला मास्तर आला. हातात पावाची पिशवी. मला बघून फाटकातच थांबला.

"बाबल, ह्यां काय? ताप इलो काय रे?"

"तुज्या टीव्हीत वादळ आसा."

"खंय?"

"सकाळी मी बघलंय. काळोख. पाऊस. लाल वीज."

तो हळूच आत आला आणि पडवीच्या पायरीवर बसला.

"बाबल, तां लिस्बन."

"कोण?"

"लिस्बन. पोर्तुगालात. फ्लाविया रवता थंय. काल फोनार म्हणाली, पप्पा, दोन दिस पाऊस थांबणा नाय. म्हणान मी विमान थंय नेवन उभा केलंय. तिच्या घरार पडता तो पाऊस माका बघूचो होतो."

"आणि काळोख?"

"रात रे. आपल्याकडे सकाळ झाली तेव्हा थंय मध्यरात."

"लाल वीज?"

"विमानाच्या पाठीर दिवो आसता. लुकलुकता."

मी टोपी काढली.

"वादळ तरी होता काय?"

"नाय रे. साधो पाऊस. चेडू माजा, फ्लाविया, निवांत निजलेला होता."

म्हणजे नीट समजून घ्या. पोर्तुगालात रात्र झाली, म्हणून मी मालवणात रापण बंद केली. रात्र. जी रोज होते.

मास्तर म्हणाला, "माज्यार घाल. सांग, मास्तरान खोटा सांगल्यान. माका काय, मी रापणीक नाय." आणि मी कबूल करतो, तो बोलला तेवढा वेळ मी विचार केला. मास्तरावर घातलं असतं तर माझी जागा राहिली असती. पण मुलीचा पाऊस बघायला बसलेल्या माणसावर काय घालणार?

चारला सगळे किनाऱ्यावर आले, होडी परत खाली घ्यायला. मी त्यांच्यासमोर जाऊन उभा राहिलो.

"आजची चूक माजी. मास्तराच्या टीव्हीत बघून मी सांगलंय. तीन आठवडे थंयच बघून सांगतंय. कारण माका दर्यो दिसणा नाय. दोन वर्षां झाली."

वाटलं, आता दगड येतील. मग शेवंता म्हणाली,

"ठावक आसा, भावजी."

"कोणाक?"

"सगळ्यांका."

"माज्या म्हशीक पण," गजो म्हणाला.

मला राग आला. मला राग यायला फार लागत नाही. "मगे दोन वर्षां होडी कोणाच्या शब्दार गेली?"

वाळूत पाय घासल्याचे आवाज येत राहिले. मग शेवंता खोकली. एकदाच, लहानसं.

आणि गजोने होडीला हात लावला. नुसत्या सवयीने. मग त्यालाच कळलं, आणि त्याने हात मागे घेतला.

"तुमी लोटा म्हटल्यार मी आभाळ बघी," शेवंता म्हणाली. "बरां आसला तर खोकी. नसला तर दोरात गाठ पडली म्हणान वेळ काढी, तुमीच मगे नको म्हणापर्यंत. तुमका वायट वाटूक नको म्हणान."

"आणि मगे थांबलंस कित्याक?"

"तुमका वीस मैलांवरचा कळाक लागला. मी म्हटलंय, देवान डोळे परत दिल्यान. आता माजी गरज नाय."

म्हणजे दोन वर्षं ते मला विचारून स्वतःचं करत होते. माझं खरोखर ऐकायला लागले, आणि तीन आठवड्यांत मी त्यांचा बांगडा खालच्या वाडीला दिला.

"आणि अडुळसो?" मी विचारलं. काहीतरी विचारायला पाहिजे होतं.

"तुळशीत वतलंय. तुळस बरी वाढली."

पुढच्या महिन्यात मास्तरानेच मला कणकवलीला नेलं आणि दोन्ही डोळे करून आणले, आधी एक, मग दुसरा. तो डॉक्टराशी बोलला, मी डॉक्टराशी भांडलो. त्याच्याकडे कॉफीला मी अजून जातो. आता आम्ही आधी लिस्बन बघतो. दिवे दिसले आणि पाऊस नसला की मास्तर दिवसभर खूश असतो.

दुसऱ्या डोळ्याची पट्टी निघाल्यावर मी काळा चष्मा लावून किनाऱ्यावर गेलो. सगळे जमलेले. मला हाकलला नव्हता, जागा रिकामी ठेवली होती. ओल्या वाळूत उभा राहिलो. दर्या दिसला. शिवण दिसली, लांब, सरळ, स्वच्छ. जमिनीवरून येणारा मतलई वारा, पाण्यावर एक सुरकुती नाही. यंत्र नाही, टीव्ही नाही, माझ्या स्वतःच्या डोळ्यांनी. मी छाती भरून म्हटलं,

"लोटा होडी."

कोणी हललं नाही.

मी वळलो. आणि मला स्वच्छ दिसलं, की चाळीस माना एकदम फिरल्या आहेत आणि मला सोडून शेवंताकडे बघतायत. तिने आभाळ बघितलं. दर्या बघितला. पदर नीट केला, घाई न करता.

मग ती खोकली, आणि होडी गेली.

डोळे बरे झाले की सगळंच दिसायला लागतं, हे त्या डॉक्टराने आधी सांगायला हवं होतं.